एकाच रुळावर दोन विजा

आमचे घर सातपूर कॉलनीत आहे. खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. आम्ही दोघे भाऊ एमआयडीसीत वायरमन म्हणून लागलो आणि आजही तेच काम करतो. थोरला कंट्रोल पॅनेलचे वायरिंग करतो, धाकटा मेन्टेनन्सला आहे. आबा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पण चष्मा पुसून सुईत दोरा स्वतःच ओवतात.

वरच्या पत्र्याच्या खोलीत आमची एक खेळण्यातली आगगाडी आहे. ती एकदा जळाली आणि पुन्हा चालू झाली. गोष्ट खेळण्याची आहे, पण ज्यांच्या घरात वीज आहे आणि लहान मूल आहे, त्यांनी ती वाचावी असे आम्हाला वाटते.

आबा इगतपुरीला खलाशी म्हणून लागले. त्या काळी इगतपुरी स्टेशनात दोन विजा भेटत असत. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. ती वीज १५०० व्होल्ट डीसी होती. पुढे तीच तार कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला आली. इगतपुरीच्या पलीकडे नाशिक, मनमाड, भुसावळकडे मात्र २५ हजार व्होल्ट एसीची तार पडली. डीसीचे इंजिन पुढे जाऊ शकत नव्हते आणि एसीचे इंजिन घाटाकडे येऊ शकत नव्हते. म्हणून गाडी थांबायची, एक इंजिन सुटायचे आणि दुसरे लागायचे. थंडीपावसात डब्याखाली वाकून कपलिंग सोडणे आणि जोडणे हे आबांचे काम. पुढे त्यांची बदली नाशिक रोडजवळच्या एकलहऱ्याच्या ट्रॅक्शन मशीन कारखान्यात झाली. तिथे इंजिनांच्या मोटारी दुरुस्तीला येतात. आबा तिथे वाइंडिंग शिकले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले.

इगतपुरीला असताना एका साहेबांची बदली झाली. सामान बांधताना बाईसाहेबांनी एक खोके आबांना दिले. आत ट्राय-अँग हॉर्नबीचे लहानसे काळे सहा चाकी इंजिन होते, तीन डबे होते, थोडे वाकलेले रूळ होते आणि जळालेला ट्रान्सफॉर्मर होता. आबांनी रूळ सरळ केले, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला आणि रविवारी गाडी सुरू केली. चाळीतली सगळी पोरे रांग लावायची. प्रत्येकाला पाच फेऱ्या. नॉब एकच, त्यामुळे भांडण नाही. आम्ही दोघे घरचे म्हणून आम्हाला सहावी फेरी कधी मिळाली नाही. "रांगेत उभा राहा," एवढेच आबा म्हणत.

त्या गाडीचे काम अगदी सोपे आहे. दोन रूळ म्हणजे दोन वायरी. नॉब शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत डीसी सोडतो. व्होल्ट वाढले की गाडी वेगाने पळते. दोन्ही वायरी उलट केल्या की गाडी उलटी जाते. रुळात जी वीज आहे ती तशीच चाकातून मोटारीत जाते. रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदमच पळणार. एकाला थांबवायचे असेल तर त्याच्याखालच्या रुळाचा तुकडा करवतीने वेगळा करून त्याला स्वतंत्र टॉगल स्विच द्यावा लागतो. याला ॲनालॉग पद्धत म्हणतात.

आम्ही मोठे झालो, कामाला लागलो आणि खोके माळ्यावर गेले. ते खाली आले मुलांमुळे. एका सुट्टीत आम्ही सगळे पुण्याला गेलो होतो. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली ते सुरू झाले. तिथे एकाच मांडणीवर अख्खे शहर आहे आणि त्यात गाड्या धावतात. धाकट्याचा मुलगा सहावीत. तो काचेला नाक लावून उभा राहिला, तो हलेचना. परतीच्या एसटीत आबा त्याला हळूच म्हणाले, "आपल्या माळ्यावर पण आहे एक."

थोरल्याची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिने मनावर घेतले. आम्ही सहा फूट बाय चार फुटांचा प्लाय भिंतीला बिजागरीवर बसवला. रात्री तो उचलून भिंतीला टेकवला की खाली अंथरूण पडते. मुलीने अर्डुइनोचा बोर्ड आणि मोटार चालवायचा एक छोटा बोर्ड जोडून डिजिटल पेटी बनवली. पैसे साठवून एक जुने पण डिकोडर बसवलेले लांबट डिझेल इंजिन आणले. ते मोबाइलवरून चालते.

डिजिटलचे तंत्र वेगळे आहे. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात तिचे नियम ठरवले. यात रुळात कायम पूर्ण वीज असते, पंधरा व्होल्टच्या आसपास, आणि ती सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. त्या बदलण्यातच निरोप दडलेला असतो. वीज एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद आणि उलट दिशेला तेवढीच राहिली तर तो 'एक'. १०० किंवा त्याहून जास्त राहिली तर तो 'शून्य'. अशा एक-शून्यांच्या माळेत लिहिलेले असते: इंजिन क्रमांक ३, पुढे जा, इतक्या वेगाने. निरोप सगळ्या इंजिनांना ऐकू जातो, पण ज्याचा क्रमांक असेल तेच हलते. इंजिनाच्या पोटातला डिकोडर निरोप वाचतो आणि मोटारीला हवी तेवढी वीज देतो.

आता आबांच्या जुन्या इंजिनात डिकोडर नाही. त्याची मोटार थेट रुळाला. डिजिटल रुळावर ते ठेवले तर वीज त्याला एका क्षणी पुढे ढकलते आणि दुसऱ्या क्षणी मागे. ते जागेवरच गुणगुणत उभे राहते आणि तापते. हे आम्हाला माहीत होते. म्हणून आम्ही दोन प्लग केले होते, एक ॲनालॉगचा आणि एक डिजिटलचा. टेबलाखाली एक सॉकेट. ज्याचा खेळ त्याचा प्लग लावायचा. सगळ्यांना नीट सांगून ठेवले होते.

एका रविवारी दुपारी मुलीने डिझेल इंजिन चालवले, कडेला लावले आणि ती खाली गेली. प्लग डिजिटलचाच राहिला. पोराने आबांचे इंजिन कपाटातून काढून रुळावर ठेवले. ते गुणगुणले. त्याला वाटले अडकले आहे. त्याने बोटाने ढकलून पाहिले. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि तोही खाली आला.

पंधरा-वीस मिनिटांनी आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "वार्निश जळतंय," ते म्हणाले. आम्हाला कुणालाच वास आला नव्हता. आयुष्यभर ज्याने जळालेल्या मोटारी उघडल्या, त्याला आला. आम्ही जिना चढून वर गेलो तेव्हा इंजिनाच्या पोटातून धुराची बारीक रेघ निघत होती.

थोरल्याने पोराच्या पाठीत जोरात हात घातला. "कितीदा सांगितलं होतं!" पोरगे रडलेसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून बसले आणि रात्री जेवले नाही. आम्हालाही जेवण गेले नाही.

आबा त्या रात्री काही बोलले नाहीत. सकाळी चहा पिताना त्यांनी थोरल्याला विचारले, "रुळात कुठली वीज आहे, हे त्याला कळणार कसं होतं? रुळावर लिहिलं होतं का?"

"पण सांगितलं होतं ना, आबा."

"सांगितलं होतं," आबा म्हणाले. "तुला पण सांगितलं होतं."

थोरला गप्प झाला. आबा कशाबद्दल बोलत होते ते आम्हा दोघांनाही कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी थोरला दुसऱ्या एका कारखान्यात होता. पॅनेलच्या मागच्या बाजूला तो लग आवळत असताना पुढून कुणीतरी टेस्टिंगसाठी सप्लाय दिला. डावा तळवा भाजला. चौकशी झाली. पॅनेलचे दार उघडे असेल तर सप्लाय चालू होऊच नये, असा लॉक तिथे नव्हता. पण कागदावर लिहिले गेले, 'कामगाराचा निष्काळजीपणा. सूचना दिलेली होती.' नोकरी टिकवायची म्हणून थोरल्याने त्यावर सही केली. लॉक नंतर बसला, कागद मात्र तसाच राहिला. त्या तळव्यावर आजही पांढरा डाग आहे, आणि पोराच्या पाठीत बसला तो हाच हात.

थोरला उठला आणि पोराजवळ जाऊन बसला. "चूक तुझी नव्हती," तो म्हणाला. "वायरिंग आमचं चुकलं." पोराने मान वळवली नाही, पण ऐकले.

मग कामाला लागलो. पहिले काम आबांचे. त्यांनी मोटार उघडली. आत तीन पोलचे आर्मेचर, अंगठ्याच्या पेराएवढे. जळालेली तार त्यांनी एकेक वेढा मोजत उलगडली. आई शेजारी पाटीवर खडूने रेघा मारत होती. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजली, तशीच एनॅमल तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली. तिन्ही पोलवर सारखेच वेढे, सगळे एकाच दिशेने. टोके खरवडून कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांना डाग दिले. मग मल्टिमीटर. तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा आला आणि दांड्याला कुठेही तार लागलेली नव्हती. दोन संध्याकाळी गेल्या. तार धरायला त्यांनी पोराला बसवले होते. "ताण सारखा ठेव," एवढेच ते अधूनमधून म्हणत.

मुलगी म्हणाली, "आबा, यातही डिकोडर बसवू का? मग प्रश्नच मिटला." आबांनी मोटार तिच्या हातात दिली. या जुन्या मोटारीचा एक ब्रश थेट इंजिनाच्या सांगाड्याला लागलेला असतो. डिकोडरसाठी तो वेगळा करावा लागतो. शिवाय ही मोटार अडली की इतकी वीज ओढते की लहान डिकोडरच जळावा. हे सगळे बदलता येते. पण आबा म्हणाले, "त्याला त्याच्यासारखं चालू दे. आपण रस्ता नीट करू."

आबांनी तेव्हा इगतपुरीची आठवण काढली. तिथे इंजिन बदलण्याची पद्धत होती, पण पुढे १९९७च्या सुमारास दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिने आली. मुंबईच्या लोकलमध्येही दोन्ही विजांचे रेक आले. आणि डीसीची तार टप्प्याटप्प्याने एसीची झाली. हार्बरवरची डीसी एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली तेव्हा १९२५ पासूनचा तो कारभार संपला. इतकी वर्षे दोन्ही विजा शेजारी शेजारी नांदल्या. "पण दोन तारांच्या मध्ये वीज नसलेला तुकडा असायचाच," आबा म्हणाले. "एक सोडल्याशिवाय दुसरी धरायची नाही."

तोच नियम आम्ही टेबलाखाली लावला. प्लग काढून टाकले. पॅनेलमध्ये वापरतात तसा चार पोलचा सिलेक्टर स्विच बसवला, १-०-२ असा. एकवर ॲनालॉग, दोनवर डिजिटल, मध्ये शून्य म्हणजे सगळे बंद. एकावरून दोनवर जायचे तर शून्यातून जावेच लागते, म्हणून दोन्ही विजा एकमेकींना कधी भेटत नाहीत. त्या भेटल्या तर डिजिटल पेटी जाऊ शकते. एकाच टेबलावर अर्धे रूळ ॲनालॉग आणि अर्धे डिजिटल ठेवणारे लोक असतात, पण एखादे चाक दोन्हींच्या फटीवर आले की त्या भेटल्याच. म्हणून आमच्याकडे एका वेळी सगळे टेबल एकाच विजेवर. आणि स्विचमधून दोन्ही रुळांच्या वायरी तोडल्या, एकीची नाही.

पण नुसत्या स्विचने पोराची चूक टळली नसती. स्विच दोनवर असताना त्याने पुन्हा इंजिन ठेवले असते. इथे धाकट्याला युक्ती सुचली. आम्ही आबांच्या इंजिनासाठी एक छोटे शेड केले, कडेचा आखूड रूळ. त्याचे दोन्ही रूळ करवतीने मुख्य रुळापासून वेगळे केले आणि फटीत प्लास्टिकचा तुकडा बसवला. स्विच एकवर असताना शेडला नेहमीची ॲनालॉग वीज मिळते. दोनवर केला की शेड एका वेगळ्या सर्किटला लागते: बारा व्होल्टचा सप्लाय, त्यातून रिलेची कॉइल, तिथून शेडचा एक रूळ, आबांच्या इंजिनाची मोटार, दुसरा रूळ आणि परत. इंजिन शेडमध्ये उभे असेल तरच हे सर्किट पुरे होते. रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोटारीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून वीज इतकी थोडी वाहते की इंजिन हलत नाही, पण रिले ओढली जाते. आणि डिजिटल पेटीच्या दोन्ही वायरी त्या रिलेच्या कॉन्टॅक्टमधून रुळाकडे जातात.

म्हणजे आबांचे इंजिन घरी आले की नाही हे कुणी लक्षात ठेवायची गरज नाही. ते शेडमध्ये नसेल तर डिजिटल वीज रुळापर्यंत पोचतच नाही. चाके धुळीने माखली, वायर सुटली, रिले बिघडली, तरी बहुतेक वेळा वीज बंदच राहते. कारखान्यात याला इंटरलॉक म्हणतात. तो फेल झाला तर बंदच्या बाजूने फेल व्हावा, हे त्यातले मुख्य.

मुलीने लगेच शंका काढली, "काका, शेडमध्ये चुकून डिझेल उभं केलं तर?" शंका रास्त होती. म्हणून शेडचे टोक असे बंद केले की आबांचे आखूड इंजिनच आत मावेल. उलटी अडचण फारशी नाही. डिझेल ॲनालॉग रुळावर राहिले तर बिघडत नाही, कारण बहुतेक डिकोडर साध्या डीसीवरही चालू शकतात. पण मग दोन्ही इंजिने एकदम पळतील, म्हणून मुलीने त्याच्या सेटिंगमधून ती सोय बंद केली.

बाकीचे कामही नीट केले. टेबलाखालून दीड स्क्वेअर एमएमची जाड वायर फिरवली आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिथून स्वतंत्र बारीक वायर डाग देऊन आणली. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबलो नाही, त्या गंजतात. मग ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर रुपयाचे नाणे आडवे ठेवले. प्रत्येक ठिकाणी डिजिटल पेटीने लगेच वीज तोडली पाहिजे. एका कोपऱ्यात तिने तोडली नाही, नाणे कोमट झाले. तिथली वायर सैल निघाली, बदलली. घरात असे काही करणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. आणि २३० व्होल्टची बाजू झाकलेली असावी, तिला मुलांचा हात लागू नये.

तिसऱ्या रविवारी आबा खुर्ची घेऊन वर बसले. थोरल्याने पोराला बोलावले. "आता तू चुकून दाखव," तो म्हणाला.

पोराला पटेना. त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग आबांचे इंजिन उचलून मुख्य रुळावर ठेवले आणि स्विच फिरवला, शून्यातून दोनवर. काहीच झाले नाही. गुणगुण नाही, दिवा नाही. त्याने मुलीकडून मोबाइल घेऊन डिझेलला हुकूम दिला. तेही हलले नाही. त्याने स्विच एकवर आणला, नॉब फिरवला, आबांचे इंजिन हळूहळू शेडमध्ये नेले, पुन्हा दोनवर केला. टेबलाखाली रिलेचा 'टक' असा आवाज झाला आणि डिझेल निघाले.

"अजून एकदा चुकू?" त्याने विचारले. आबा हसायला लागले. त्या दिवशी त्याने मोजून अकरा वेळा चूक केली आणि इंजिन एकदाही तापले नाही.

सोमवारी थोरल्याने कामावर एका नव्या पॅनेलचा ड्रॉइंग पाहिला. मागच्या दाराला लिमिट स्विच दाखवलेला नव्हता. त्याने सुपरवायझरला बोट ठेवून दाखवले. सुपरवायझर म्हणाला, ग्राहकाने मागितलेला नाही. थोरल्याने ते रजिस्टरमध्ये तारखेसह लिहून खाली सही केली. पुढे काय होईल ते होईल.

आता रविवारी आमच्याकडे गल्लीतली मुले येतात. सकाळी स्विच एकवर, दुपारी दोनवर. सकाळी रांग असते, प्रत्येकाला पाच फेऱ्या. घरच्या पोराला सहावी मिळत नाही.